अंडी घालेपर्यंत

बारामतीत मार्केट यार्डाच्या रस्त्याला माझं शेतीऔषधांचं दुकान आहे. औषध म्हणायची आपल्याकडं रीत आहे. प्यायलं तर माणूस मरतं, पण म्हणायचं औषधच. मावा, तुडतुडे, फुलकिडे, अळ्या, जे जे म्हणून रांगतं, उडतं आणि पिकावर बसतं, ते मारायचा सल्ला मी आयुष्यभर दिला, आणि लोकांच्या म्हणण्याप्रमाणे बरा दिला. असा मी, गेला पावसाळा सरल्यावर, घराच्या गच्चीवर मांडी घालून एका किड्यासमोर बसलो होतो आणि त्याला विनवत होतो की बाई, अंडी घाल.

किडा म्हणजे खंडोबाचा किडा. पुस्तकात त्याला प्रार्थना कीटक म्हणतात. हिरवा, बोटाएवढा, तिकोनी तोंडाचा, पुढचे दोन पाय छातीशी जोडून बसलेला. आमच्या घरात आई त्याला दुआवाला म्हणायची. तो दुआ कसली मागतो, हे समोर माशी येऊन बसली की कळतं.

माझी थोरली बहीण इंदापूर तालुक्यात शेळगावात दिली आहे. आम्ही तिला आपा म्हणतो. तिच्याकडं वांग्याचं रान आहे आणि दाजी आहेत, आणि दोघांपैकी कुणाची काळजी जास्त करावी हे तिला आधी कधी ठरवावं लागलं नव्हतं. मग एकदा दाजींनी भर उन्हात, वाऱ्याला तोंड देऊन, नाकाला फडकंसुद्धा न बांधता फवारणी केली. सरीतच चक्कर येऊन पडले. ओकाऱ्या, डोळ्यापुढं अंधारी, तोंडातून लाळ. बारामतीला आणलं. वाचले, पण छाती पूर्वीसारखी राहिली नाही. चार पावलं चालले की ओट्याला धरून उभे राहायचे. डॉक्टरांनी आपाला बाजूला घेऊन सांगितलं की हा वास पुन्हा छातीत गेला तर त्यांना इथवर आणायची घाई करू नका.

बाटली माझ्या दुकानातली नव्हती. दाजी औषध बावड्याच्या एका दुकानातून आणायचे, कारण बायकोच्या भावाशी भाव करता येत नाही. हे मी त्या दिवशी दवाखान्यात भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. कुणीही विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर आपानं पंप बंद केला. गडी लावून फवारून घे म्हटलं, तर म्हणाली, दुसऱ्याच्या लेकराच्या छातीत तेच घालू का? या प्रश्नाचं उत्तर माझ्या धंद्यात नाही. मी तिला नर पाखरांना वासानं ओढून धरणारे कामगंध सापळे दिले, निंबोळी अर्क दिला. फरक पडला, पण थोडा. चारी बाजूंच्या रानांतून फवारणी व्हायची आणि तिकडून हाकललेली अळीची सगळी पाखरं आपाच्या वांग्याला पाहुणी यायची. शेंडे माना टाकत होते. वांगं वरून तुकतुकीत आणि कापलं की आत अळी. दाजी ओट्यावर बसून हे बघायचे. छपरात टांगलेला बॅटरीचा पंप रोज खाली घ्यायचे, पुसायचे आणि परत टांगायचे. आपा म्हणायची, त्यांचं तोंड रानाकडं असतं पण डोळे पंपावर असतात.

एकदा मी गेलो असताना तिनं मला एका झाडापाशी नेलं. पानावर खंडोबाचा किडा बसला होता आणि दोन्ही हातांत अळी धरून, आपण कणीस खातो तशी, एका टोकाकडून खात होता. आपानं विचारलं, ही अवलाद वाढवता येते का? आता, दुकानाच्या काउंटरमागं इतकी वर्षं उभं राहिल्यावर माणसाची एक सवय मोडते, ती म्हणजे ‘मला माहीत नाही’ म्हणायची. मी म्हणालो, का नाही? एक मादी धरायची, तिला अंडी घालायला लावायची, अंड्यांच्या एका पुंजक्यातून शेकड्यानं पिल्लं निघतात, सगळं रान भरून जाईल. असं मी बोलत गेलो. ओट्यावर दाजी ऐकत होते.

‘पाव्हणं,’ ते म्हणाले, ‘तुमचं किडं अंडी घालंस्तवर मी पंप पाठीला लावत न्हाय. घातली तर पिल्लांची वाट बघू. पन ते जर आसंच मेलं, तर मग माझं मी बगीन. मला आडवायचं न्हाय कुनी.’

आपानं त्यांचा हात धरला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि हेच परत म्हणायला लावलं. दाजी म्हणाले. झाली शपथ. आणि अशा रीतीनं एका माणसाचा जीव एका किड्याच्या बाळंतपणाला बांधला गेला, आणि सुईण म्हणून नेमणूक झाली माझी.

आता खरं सांगायचं तर आठवडा उलटायच्या आत मला कळलं की या किड्यानं वांगी वाचणार नाहीत. माझ्या दुकानात एक सर येतात. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, गुलाबाच्या कुंड्यांसाठी औषध नेणारे. त्यांना विचारलं, तर ते हसले. हा किडा समोर येईल ते खातो, म्हणाले, अळी खातो, मधमाशी खातो, स्वतःची भावंडंही खातो. वांग्याच्या आत बसलेल्या अळीपर्यंत तो पोचणार कसा, दार वाजवून? मी म्हणालो, सर, वांगी जाऊ द्या, मला फक्त अंडी पाहिजेत. सरांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं मी यापूर्वी फक्त गिऱ्हाईकांकडं बघितलं आहे.

आपाला मी यातलं काही सांगितलं नाही. वांग्याचं व्हायचं ते होवो. जोवर मादी जिवंत होती आणि तिच्या पोटाकडं आशेनं बघता येत होतं, तोवर पंप छपरातच राहणार होता.

पहिली मादी मी डाव्या कालव्याच्या कडेच्या गवतात, गुडघ्यापर्यंत चिखलात जाऊन धरली आणि मोठ्या हौसेनं दुकानात काउंटरवर ठेवली. दुकानात ज्या वासानं गिऱ्हाईकसुद्धा शिंकतं, त्या वासात ती संध्याकाळपर्यंत टिकली. दुसरी घरी नेली. हिला मी जीव लावला. माश्यांसाठी मटणाच्या दुकानासमोर प्लास्टिकची पिशवी हलवत उभा राहायचो. ओळखीचे लोक थांबून विचारायचे, भाई, किती घेतलं? मी पिशवी वर करून दाखवायचो. नंतर नंतर लोक विचारायचे बंद झाले, आणि दुरूनच बायकोकडं चौकशी करू लागले की भाईंची तब्येत बरी आहे ना.

ही दुसरी खायची, प्यायची, मिशा साफ करायची, पण पोट काही वाढेना. मी रोज सकाळी ‘खा गं बाई’ म्हणून माशी पुढं करायचो. शेवटी सरांना दाखवली. सरांनी चष्मा वर केला, बरणी फिरवली आणि शांतपणे सांगितलं की ही बाई नाही. नर बारीक असतो, पंख शेपटीच्या पुढं जातात. मादी जाड असते. म्हणजे इतके दिवस मी एका पुरुषाला अंडी घालायची गळ घालत होतो. आमच्या दुकानात बसणारे एक तात्या आहेत, त्यांनी हे ऐकून सगळ्या मार्केट यार्डात सांगितलं. म्हणाले, भाईचं बियाणं न उगवल्याची तक्रार आता कुनी करू नका, भाई लई चिकाटीचा माणूस हाय.

आपाचा फोन रोज यायचा. सलाम झाला की एकच प्रश्न. ‘घातली का?’

मी म्हणायचो, घालेल, खातीय चांगली. कोणती खातीय, ते सांगत नव्हतो. मेली की कालव्यावर जायचो आणि नवीन आणायचो. शेळगावाच्या हिशोबात ती एकच मादी होती, दणकट आणि दीर्घायुषी.

मग मिळाली ती खरी मादी. जाडजूड, हिरवीगार. नर घरात होताच. सरांनी बजावलं होतं, आधी तिला पोटभर खाऊ घाला, मगच नवरा आत सोडा. नेमकी त्या दिवशी मटणाची दुकानं बंद होती, माश्या मिळाल्या नाहीत. मी म्हटलं, लग्नाच्या दिवशी नवरी उपाशीच असते, त्यात काय. सोडला. त्यानं अदबीनं पावलं टाकली, पंख हलवले, जवळ गेला, आणि तिनं मान वळवून त्याचं डोकं खाल्लं. मी सरांना घाबरून फोन लावला. ते म्हणाले, काळजी करू नका, काम झालं असेल, डोकं नसलं तरी नराचं काही अडत नाही. मी हे बायकोला सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, हे मला लग्नापासून माहीत आहे.

आणि खरोखर पोट वाढायला लागलं. तट्ट झालं. तिला चालताना ते ओढत न्यावं लागायचं. मी आपाला फोन करून सांगितलं, आता कधीही. तिकडं दाजींनी पंप पुसायचा बंद केला, असं आपा म्हणाली. तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी हसू होतं. मी सकाळ-दुपार-संध्याकाळ बरणीत डोकावायचो. बायको म्हणाली, माझ्या दोन्ही बाळंतपणांत तुम्ही इतक्या वेळा झालं का म्हणून विचारलं नव्हतं. खरं आहे. त्या वेळी मी दुकानात होतो.

बाळंतिणीची खोली स्वच्छ असावी म्हणून मी बरणी धुतली, पुसली, आतली काडी आणि वाळका पाला कचरा म्हणून टाकून दिला. काचेसारखी लखलखीत बरणी. मादी भिंतीवर चढायची आणि घसरायची. परत चढायची, परत घसरायची. मला वाटलं, कळा येतायत. झाकणाच्या कडेला धरून ती एकदा लोंबकळली, शेपटीतून थोडा पांढरा फेस आला, आणि ती खाली पडली. मग उठलीच नाही. सर म्हणाले, तिला खरबरीत लाकूड हवं असतं हो, उलटं लटकून पुंजका चिकटवायला. तुम्ही तिला धरायला काही ठेवलंच नाही. पोटात अंडी घेऊन गेली ती.

त्या दिवशी मला विनोद सुचला नाही. बरणी हातात घेऊन मी गच्चीच्या पायरीवर बसून राहिलो. तिनं सगळं बरोबर केलं होतं. खाल्लं, वाढली, वेळ आल्यावर जागा शोधत राहिली. तिला फक्त एक काडी पाहिजे होती, आणि ती मी झाडून काढली होती.

कालव्याकडेचं गवत एव्हाना कापून नेलं होतं. मी बांध शोधले, झुडपं शोधली. काही मिळालं नाही. फोनवर मी ‘बरी आहे’ म्हणालो, आणि माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला. दुसऱ्या सकाळी आपा एसटीनं बारामतीत हजर. हातात पोळ्यांचा डबा, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली. आत वांग्याच्या पानावर एक मादी, पोट भरलेलं, इतकं की अंग हलवताना थरथरायचं.

‘माझ्या रानातलं हाय,’ आपा म्हणाली. ‘ह्याला तरी नीट ठिव.’

ह्याला तरी. म्हणजे आधीच्यांचं तिला सगळं माहीत होतं. तिनं चहा घेतला, माझ्या बायकोशी बोलली, आणि मला एका शब्दानं बोलली नाही. निघताना एवढंच सांगितलं की दाजी परत पंप पुसायला लागलेत.

आता मी चूक करणार नव्हतो. बरणी नको, मच्छरदाणीच्या जाळीचा मोठा पिंजरा केला. ऊन-सावली बघून ठेवला. बोटानं पाण्याचे थेंब उडवले. आणि लाकूड. सर म्हणाले होते खरबरीत पाहिजे, सालीला भेगा पाहिजेत. दुकानात डाळिंबवाला एक शेतकरी आला होता, जुनी झाडं काढत होता. त्याच्याकडून मी खोडाचा एक मस्त तुकडा मागून आणला. हातभर लांब, गाठीगाठीचा, भेगाळलेला, थोडा तांबूस. माझ्या हातून इतकी योग्य वस्तू यापूर्वी कधी निवडली गेली नव्हती. पिंजऱ्यात तिरका बांधला. मादीनं त्याच्यापुढं उभं राहून मान एकदा इकडं, एकदा तिकडं केली, आणि चढली. उलटी झाली. पाय रोवले. मी जाळीजवळ सरकून बसलो.

दुपारी तिनं शेपटी लाकडाला टेकवली आणि फेस यायला लागला. पांढरा, दाट, साबणासारखा. शेपटी डावीकडं, उजवीकडं, कुणी बारीक विणकाम करावं तशी. मी बायकोला हाक मारली. ती ओल्या हातांनी आली आणि माझ्या शेजारी बसली. आम्ही दोघं कुणासाठी तरी दवाखान्याबाहेर बसावं तसे बसलो होतो. आपाला फोन लावायला मी मोबाईल काढला.

तेवढ्यात तिचा मागचा एक पाय सुटला. मग दुसरा. अंगाला कंप सुटला, डोकं गरगर फिरायला लागलं. ही लक्षणं मी ओळखतो. हीच लक्षणं दिसली की औषध लागू पडलं, असं मी गिऱ्हाईकाला सांगतो. ती खाली पडली आणि पाय झाडत राहिली. मी लाकूड ओढून बाहेर काढलं. हाताला तांबडं लागलं. गेरू. डाळिंबाच्या खोडाला भुंगेऱ्यानं भोकं पाडू नयेत म्हणून गेरूत औषध कालवून थर देतात. कालवायचं कसं, किती दाट, कोणतं औषध घालायचं, हे त्या शेतकऱ्याला मीच सांगितलं होतं. सगळ्या तालुक्याला मीच सांगतो. ज्या रंगाची मी रोज शिफारस करतो, तो डोळ्यांसमोर धरूनही मला नुसता तांबूस दिसला.

बायको उठून खाली गेली. पुंजका अर्धा झाला होता, करंगळीच्या नखाएवढा. सरांना फोन केला. ते म्हणाले, पूर्ण झाला नाही, वरून झाकला गेला नाही, आतलं वाळून जाईल. वर म्हणाले, आणि वाळला नसता तरी त्या लाकडावर काय.

मी गाडी काढली आणि लाकूड घेऊन शेळगावला निघालो. वाटेत खोटं तयार केलं. चांगलं होतं. या माद्या अंडी घातल्यावर बऱ्याचदा मरतातच. तेव्हा सांगायचं, घातली, आणि मग दमून गेली बिचारी. हा बघा पुंजका. आता पिल्लांची वाट बघायची, शपथेप्रमाणे. पुढचं पुढं बघू. तोवर दाजींच्या छातीला आणखी काही महिने मिळतील. आयुष्यात इतकं खोटं बोललो, पण इतक्या चांगल्या कामासाठी कधी बोललो नव्हतो.

दाजी ओट्यावरच होते. मी सांगितलं. आपानं लाकूड हातात घेतलं, पुंजक्याकडं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला लागू नये म्हणून मी चपला काढायला वाकलो. मग दाजींनी हात पुढं केला. त्यांनी लाकूड फिरवलं, अंगठ्याच्या नखानं साल खरवडली, नख नाकाशी नेलं.

‘पाव्हणं,’ ते म्हणाले, ‘बाळंतिणीच्या खोलीला गेरू फासलाय व्हय तुमी?’

आणि हसायला लागले. मोकळे हसले, मलाही हसू आलं, आपालासुद्धा आलं असावं. मग त्या हसण्याचा खोकला झाला. तो थांबेना. आपा पाणी घेऊन आली, पाठ चोळत राहिली. खोकला बसल्यावर ते ओट्याला धरून उठले, छपराखाली गेले आणि त्यांनी पंप खाली घेतला. शपथ काय होती, ते सगळ्यांना पाठ होतं.

मला वाटलं आपा रडेल, भांडेल, लाकूड माझ्या डोक्यात घालेल. तिनं दाजींच्या हातातून पंपाचा पट्टा घेतला आणि स्वतःच्या खांद्यावर अडकवला.

‘तुमी बसा,’ ती म्हणाली. ‘मी मारते.’

दाजी म्हणाले, तुला जमायचं न्हाय. ती म्हणाली, शिकवायला भाई हाय की. मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, औषध आहे का गाडीत? होतं. माझ्या डिकीत नमुन्याची बाटली कायम असते. नाही म्हणता आलं असतं. मग ती बावड्याहून आणणार होती, आणि तिथं तिला कुणी काही सांगणार नव्हतं.

मी झाकणानं माप घेतलं, पाण्यात कालवलं. तिच्या ओढणीचे दोन पदर करून नाकातोंडावर घट्ट बांधले. बाह्या खाली ओढायला लावल्या. वारा बघितला, पश्चिमेकडून होता. वाऱ्याकडं पाठ ठेव, म्हणालो, मागं मागं सरकत ये, फवारा तुझ्यापासून लांब गेला पाहिजे, तोंड पुसू नकोस, पाणी प्यायचं नाही. ती मान हलवत होती. लहानपणी तिनं मला सायकल शिकवली होती, तेव्हा मी अशीच मान हलवत होतो आणि एक शब्द ऐकत नव्हतो. दाजी ओट्यावर बसून आमच्याकडं बघत होते. त्यांचे हात मांडीवर उपडे पडले होते.

सुरू करायच्या आधी मी म्हणालो, एक मिनिट थांब, मी सरीतून फिरून येतो. ती थांबली. मी एकेक झाड वाकवून बघितलं, पानं उलटी केली, शेंडे हलवले. वाटलं, एखादा असेल तर उचलून बांधापलीकडं सोडू. अळीमुळं मान टाकलेले शेंडे होते, भोकं पडलेली वांगी होती. हिरवं, जाडसं, हात जोडून बसलेलं काही दिसेना. मी दुसऱ्या सरीला वळलो. तिसऱ्या. मागून आपाचा आवाज आला, फडक्यातून दबलेला.

‘चल भाई, हो बाजूला. पाठीला रग लागली.’

मी बांधावर जाऊन उभा राहिलो. तिनं बटण दाबलं.